पाहुणी पाल

संध्याकाळचे सात वाजतात. शहरांतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरांतला दिवा लागतो आणि भिंतीवरच्या घड्याळामागून एक पाल हळूच डोकें बाहेर काढते. रोजचाच हा शिरस्ता. घरांत कोणी तिच्याकडे लक्ष देत नाहीं, आणि तीहि कोणाकडे लक्ष देत नाहीं. परंतु एके दिवशीं घरांतल्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनांत येतें कीं, ही पाल पकडावी. तो स्टुलावर चढतो, हात टाकतो; पाल निसटते, आणि त्याच्या चिमटींत राहते ती केवळ एक वळवळणारी शेपटी. मुलगा घाबरतो, पण त्याहिपेक्षां अधिक ओशाळतो. अर्ध्या तासानें तीच पाल ओट्याच्या कोपऱ्यांत सांपडते, तेव्हां तो तिला एका रिकाम्या बरणींत घालतो आणि झांकणाला भोंकें पाडतो.

त्या रात्रीं बरणीभोंवतीं घरांतलें न्यायालय बसतें. आजी म्हणते, "विषारी जनावर तें. आधीं बाहेर टाकून ये आणि हात धू." आई म्हणते, "जीव आहे तो. मारूं नको, पण स्वयंपाकघरांत ठेवायची नाहीं." मुलगा बराच वेळ गप्प राहतो आणि शेवटीं म्हणतो, "आजी, माझ्यामुळें तिची शेपटी तुटली ग. ती बरी होईपर्यंत मी तिला सांभाळणार आहें."

असें न्यायालय थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांतून बसत असेल. त्यांतील तिघांचेंहि म्हणणें विचार करण्याजोगें आहे. आजीच्या म्हणण्यांत चूक आहे, परंतु तिच्या शेवटच्या दोन शब्दांत शहाणपण आहे. आईच्या म्हणण्यांत व्यवहार आहे. मुलाच्या म्हणण्यांत जबाबदारीची जाणीव आहे. मात्र ती जबाबदारी कशी पार पाडावयाची याचें ज्ञान त्याला नाहीं, आणि बरणींतील जीवाचें पुढें काय होणार हें त्या ज्ञानावरच अवलंबून आहे.

प्रथम ही पाहुणी कोण, हें पाहिलें पाहिजे. पाल म्हणून जिला सरसकट ओळखलें जातें ती एकच जात नव्हे. महाराष्ट्रांतील घरांतून जाणाऱ्या-येणाऱ्या पाली बहुधा एकाच कुळांतल्या असतात; त्या कुळाला शास्त्रज्ञांनीं 'हेमिडॅक्टिलस' असें नांव दिलें आहे. त्यांतील सर्वांत परिचित अशी एक लहान पाल आहे. तिचें शास्त्रीय वर्णन १८३६ साली प्रसिद्ध झालें. तिच्या शेपटीवर बारीक काट्यांच्या आडव्या ओळी असतात, आणि रात्रीं भिंतीवरून जो चुकचुक असा स्वच्छ आवाज येतो तो पुष्कळदां तिचाच असतो. दुसरी तिच्याहून अंगानें थोराड, पोटाला पिवळसर झांक असलेली. या पाली झाडांच्या सालींत व खडकांच्या फटींत राहणाऱ्या पालींच्या नात्यांतल्या. माणसानें घर बांधलें, त्यांत दिवा लावला, दिव्याभोंवतीं पतंग जमले, आणि खडकावरची पाल भिंतीवर आली. तिच्या दृष्टीनें घर म्हणजे एक सोयीचा कडा, एवढेंच.

तिचें चुकचुकणें हा तर भाषेंतच जाऊन बसलेला विषय. मराठी माणसाच्या मनांत शंका आली कीं तेथें पाल चुकचुकते. बंगालमध्यें याच प्राण्याला टिकटिकी म्हणतात, आणि कोणी बोलत असतां ती टिकटिकली तर ती 'ठीक, ठीक' म्हणून बोलणाऱ्याला दुजोराच देत आहे असें तेथील लोक मानतात. आवाज एकच, पण एका प्रांतांत तो शंका आहे आणि दुसऱ्या प्रांतांत ग्वाही. पंचांगांतून पल्लीपतनाचीं फळें छापलेलीं असतात, अंगाच्या कोणत्या भागावर पाल पडली असतां काय होतें याचीं कोष्टकें असतात. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरांत सोन्याच्या व चांदीच्या पालींच्या आकृतींना हात लावून लोक त्या दोषाचें निवारण करतात. पाल स्वतः मात्र या साऱ्या व्यवहारापासून अलिप्त असते. ती चुकचुकते ती दुसऱ्या पालीसाठीं. ही भिंत कोणाची, जवळ नर आहे कीं मादी, एवढ्याच तिच्या बातम्या.

आतां आजीच्या आक्षेपाकडे वळावें. घरांतली पाल विषारी नाहीं. तिच्या तोंडांत विषाची पिशवी नाहीं, दांतांत विषाची नळी नाहीं, आणि तिच्या कातडींतहि विष नाहीं. फार घाबरली तर ती बोटाला चावा घेते. परंतु तो चिमट्याइतकाहि बोचत नाहीं. मग दुधांत पाल पडली तर दूध ओतून द्यावें, हा जुन्या घरांतला नियम खोटा म्हणावा काय? तसें नाहीं. नियम खरा, कारण चुकीचें. पालीच्या आंतड्यांत व विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. ते अन्नांत मिसळले तर उलट्या, जुलाब व ताप येतो. लहान मुलें, वृद्ध व आजारी माणसें यांना त्यांचा त्रास अधिक. म्हणून तें दूध टाकलेंच पाहिजे, आणि पालीला वा तिच्या पेटीला हात लावल्यावर साबणानें हातहि धुतलेच पाहिजेत. आजीचें "हात धू" हें वाक्य शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणें उतरतें. त्याचप्रमाणें पालीची पेटी स्वयंपाकघरांत ठेवूं नये, ती ओट्यावर धुऊं नये, आणि पांच वर्षांखालील मुलाच्या हातीं पाल देऊं नये. आईचा निकालहि येथें कायम होतो.

मुलाच्या मनाला लागलेली गोष्ट मात्र शेपटीची आहे. पालीची शेपटी अपघातानें तुटत नाहीं. ती पाल स्वतः तोडते. शेपटीच्या मणक्यांतच ठराविक अंतरावर फटी असतात. शत्रूनें शेपूट धरलें कीं त्या जागचे स्नायु आकुंचन पावतात आणि शेपटी वेगळी होते. रक्तवाहिन्यांचीं तोंडें लागलींच आवळलीं जातात, म्हणून रक्त जवळजवळ येत नाहीं. तुटलेली शेपटी कांहीं वेळ उड्या मारीत राहते. मांजराचें लक्ष तिच्यावर खिळतें आणि पाल निघून जाते. पुढें कांहीं आठवड्यांत नवी शेपटी उगवते. परंतु ती पहिलीसारखी नसते. तिच्यांत मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. आणि जुन्या शेपटीवर काट्यांच्या ओळी असल्या तरी नवी शेपटी गुळगुळीत येते.

यावरून मुलाला दिलासा द्यावा हें खरें. पण सत्यहि सांगावें. शेपटी ही पालीची शिदोरी आहे. सुगीच्या दिवसांत मिळालेलें अन्न ती चरबीच्या रूपानें शेपटींत सांठविते आणि टंचाईंत तें वापरते. जिची शेपटी नुकतीच गेली ती पाल शिदोरी लुटलेल्या वाटसरूसारखी असते. तिला नवी शेपटीहि घडवावयाची असते आणि रोजचें पोटहि भरावयाचें असतें. अशा वेळीं तिला उपाशी ठेवणें हा दुसरा घाव होय. लोणच्याच्या बरणींत ठेवलेल्या पालीचें नेमकें हेंच होतें. तेथें तिला दडावयास जागा नाहीं, वारा नाहीं, ओल नाहीं, आणि कांचेबाहेरून चार चेहरे सतत डोकावत असतात. भ्यालेला प्राणी खात नाहीं. पुष्कळ पाली अशा बरणींत मरतात, आणि मुलांना वाटतें कीं त्या शेपटीमुळें मेल्या.

तेव्हां पहिला प्रश्न ठेवावी कशी हा नसून ठेवावी कीं नाहीं हा आहे. रानांतून वा भिंतीवरून पकडलेली पाल आणि माणसाच्या हाताखालीं पिढ्यान्पिढ्या वाढलेला प्राणी यांत फार अंतर आहे. कुत्रा माणसाच्या सहवासानें सुखावतो. पाल केवळ तो सहन करते. तिला मालक नको असतो. शिवाय सर्वच पाली सर्वत्र आढळणाऱ्या नसतात. २००८ साली सातारा परिसरांतील एका पालीचें नवी जात म्हणून वर्णन झालें आणि तिच्या शास्त्रीय नांवांत साताऱ्याचें नांव गुंफलें गेलें. त्याच वर्षीं पुणें जिल्ह्यांतील जुन्नरच्या बाजूची आणखी एक जात शास्त्राला ठाऊक झाली. सह्याद्रीचे कडे व पठारें यांवर अशा कित्येक जाती लहानलहान टापूंत राहतात. सहलीला गेलेल्या मुलानें किल्ल्याच्या तटावरून पाल उचलून आणली तर ती कोणती हें घरीं कोणाला समजणार? म्हणून रानांतली, गडावरची, लेण्यांतली पाल कधींहि आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत पुष्कळ सरपटणाऱ्या प्राण्यांचीं नांवें आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें त्या अनुसूची नव्यानें मांडल्या गेल्या. यास्तव कोणताहि रानटी प्राणी कायमचा पाळण्यापूर्वीं वनखात्याकडे विचारणा करणें हेंच सुज्ञपणाचें.

परंतु घरचीच पाल, घरच्याच मुलाच्या हातून दुखावलेली, आणि तिला थोडे दिवस नीट पाहून मग सोडून द्यावयाची, एवढाच बेत असेल तर तो कसा पार पाडावा हें सांगतां येतें. त्यांत मुलाचें शिक्षणहि आहे.

पकडण्यापासूनच आरंभ करावा. पालीवर हात टाकूं नये. रुंद तोंडाचें भांडें तिच्यावर अलगद पालथें घालावें आणि भिंत व भांडें यांमधून जाड कागद सरकवावा. असें केलें म्हणजे शेपटीला वा तिच्या नाजुक कातडीला इजा होत नाहीं. वरच्या प्रसंगांतील मुलाला ही युक्ति आधीं कोणी सांगितली असती तर न्यायालय भरलेंच नसतें.

राहण्यासाठीं बरणी नको, पेटी हवी. पाल जमिनीवरची नव्हे, भिंतीवरची; म्हणून पेटी लांबट असण्यापेक्षां उभट असावी. तळ एक वीत-दीड वीत चौरस आणि उंची हातभर, एवढी पेटी एका पालीला थोड्या दिवसांपुरती चालते. माशांची जुनी कांचेची पेटी उभी करून घेतली तरी भागतें. वरचें झांकण बारीक जाळीचें असावें व घट्ट बसावें, कारण कांच ही पालीला भिंतीसारखीच चढण आहे.

ती कांचेवर कशी चढते, हा प्रश्न मुलगा विचारणारच, आणि त्याचें उत्तरहि मोठें मनोरंजक आहे. पालीच्या पायांत डिंक नसतो कीं जळवेसारखे शोषक पेले नसतात. बोटांच्या तळाशीं पट्ट्यांच्या ओळी असतात व त्यांवर डोळ्यांना न दिसणारे केंस असतात. याच वर्गांतील टोके नांवाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारें पांच लाख केंस असून प्रत्येकाच्या टोकाला शेंकडों फांटे फुटलेले असतात. २००० साली अशा एका केंसाची पकड मोजण्यांत आली, आणि २००२ साली असें दाखविण्यांत आलें कीं ही पकड दोन पदार्थांचे कण अगदीं निकट आले असतां त्यांच्यांत जें सूक्ष्म आकर्षण उत्पन्न होतें त्यामुळें असते. त्या आकर्षणाला व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचें नांव आहे. एका केंसाचें बळ नगण्य. परंतु लाखों नगण्य बळें एकत्र आलीं कीं पाल छतावरून उलटी धांवते. याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, पालीच्या पायांना तेल, डिंक वा चिकट धूळ लागूं देऊं नये, आणि टाकलेल्या कातीचे तुकडे तिच्या बोटांना अडकून राहणार नाहींत इकडे लक्ष ठेवावें.

पेटीच्या तळाशीं साधा कागद पसरावा. तो रोज बदलतां येतो व विष्ठा कशी आहे हेंहि दिसतें. आंत सालीचा एक मोठा तुकडा तिरपा उभा करावा, बांबूचें एक पोकळ कांडें ठेवावें, जागा असेल तर एखादें लहान झाड कुंडीसह ठेवावें. लपण्याच्या जागा एकाहून अधिक असाव्या, म्हणजे कोठें ऊब व कोठें गारवा हें पाल स्वतः ठरवील. एका कोपऱ्यांत ओलसर काथ्या असूं द्यावा. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला तर पालीची भीति निम्म्यानें ओसरते. पेटी उन्हांत कधींहि ठेवूं नये. बंद कांचेंत कोंवळें ऊनहि थोड्याच वेळांत भट्टी पेटवितें आणि पळावयास जागा नसलेला प्राणी होरपळून मरतो. महाराष्ट्रांतील घरांत बहुतेक दिवस जें तपमान असतें तेंच पालीला मानवतें; पंचवीस ते तीस अंश हें तिच्या सुखाचें. थंडीच्या रात्रीं पेटी खिडकीपासून दूर, आंतल्या खोलींत ठेवावी, म्हणजे पुरे.

एका पेटींत एकच पाल ठेवावी. दोन नर एकत्र आले तर ते भांडतात आणि पुन्हां एखादी शेपटी जाते.

पाणी भांड्यांत ठेवलें म्हणजे झालें, असें माणसाला वाटतें. परंतु पाल साचलेलें पाणी ओळखीलच असें नाहीं. ती दंव चाटणारी आहे. म्हणून रोज संध्याकाळीं सालीवर व कांचेवर स्वच्छ पाण्याचे बारीक तुषार उडवावे. ती जिभेनें ते थेंब टिपते. याच जिभेनें ती स्वतःचे डोळेहि पुसते, कारण तिला हलणाऱ्या पापण्या नाहींत; बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो आणि जीभ हाच तिचा हातरुमाल. हें दृश्य पाहण्यासाठीं मात्र शांत बसावें लागतें, आणि चंचल मुलाला शांत बसविणारे शिक्षक फार थोडे असतात.

अन्नाविषयीं पहिला नियम : भात, पोळी, बिस्कीट, शिजवलेलें मांस यांपैकीं कांहींहि घालूं नये. पाल हलणारें भक्ष्य पाहून झेंप घेते. पतंग, लहान झुरळें, रातकिडे, बारीक नाकतोडे, पावसाच्या आरंभीं दिव्याभोंवतीं जमणारे पंख फुटलेले वाळवीचे किडे, हें तिचें पक्वान्न. भक्ष्य तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून रुंद नसावें. रोज दिवेलागणीनंतर दोनतीन किडे सोडावे आणि सकाळीं उरलेले काढून घ्यावे. कारण दडून राहिलेला मोठा रातकिडा निजलेल्या पालीलाच कुरतडतो. ज्या घरांत झुरळांचें औषध फवारलें आहे तेथला किडा घालूं नये. तें विष पालीच्या पोटांत जातें. फार दिवस ठेवावयाची वेळ आली तर कॅल्शियमची भुकटी किड्यांवर भुरभुरावी. तिच्या अभावीं हाडें मऊ पडतात व जबडा वांकतो.

मादीच्या बाबतींत याचें महत्त्व अधिक. घरांतल्या पालीचें पोट अर्धवट पारदर्शक असतें. दिव्यासमोर पाहिलें तर आंतलीं दोन पांढरीं अंडीं स्पष्ट दिसतात. पुष्कळदां तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरट गांठी दिसतात आणि घरचे लोक आजार समजून घाबरतात. तो आजार नसतो; अंड्यांच्या कवचासाठीं सांठविलेला तो चुना असतो. अंडीं बहुधा दोन, गोल आणि टणक कवचाचीं. चित्रांच्या चौकटींमागें वा कपाटाच्या फटींत तीं सांपडतात. तीं सांपडलीं तर फिरवूं नयेत, उलटीं करूं नयेत. आंतला जीव कवचाच्या एका बाजूला चिकटलेला असतो व उलटल्यानें तो दगावतो. दीडदोन महिन्यांनीं आगपेटीच्या काडीएवढें पिलूं बाहेर येतें. तें पहिल्या दिवसापासून स्वतःची शिकार करतें. आई त्याला भरवीत नाहीं. तेव्हां अंडीं पोटांत असलेली मादी हातीं लागली असेल, तर शेपटी असो वा नसो, तिला त्याच रात्रीं सोडून देणें उत्तम.

रानटी प्राणी एकटा येत नाहीं. पालीच्या बोटांच्या व मांड्यांच्या घड्यांत तांबडे बारीक किडे चिकटलेले असतात, आणि पोटांत जंत असतात; त्यांतले कांहीं झुरळें खाल्ल्यानेंच तिच्या अंगांत शिरतात. मोकळ्या, धडधाकट पालीला त्यांचें ओझें जाणवत नाहीं. कोंडलेल्या, भ्यालेल्या, उपाशी पालीच्या अंगीं तेंच ओझें शत्रु होऊन बसतें. कंबरेचीं हाडें वर येणें, डोळे खोल जाणें, कातडी सुरकुतणें, दिवसां उघड्यावर निश्चल पडून राहणें, हीं सारीं वाईट लक्षणें समजावीं. अशा वेळीं घरगुती औषधें करूं नयेत. कुत्र्याच्या वा गुरांच्या औषधाचा एक थेंबहि या मूठभर नव्हे, चिमूटभर जीवाला मारक होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गांठावा.

कात टाकण्याची वेळ आली म्हणजे पाल फिकी पडते आणि अंगावर पांढरा पापुद्रा सुटतो. ती तो ओढून काढते व खाऊन टाकते. यांत कांहीं विपरीत नाहीं. हवा फार कोरडी असेल तर बोटांवरचा पापुद्रा निघत नाहीं व बोटाला फांस बसतो. अशा वेळीं ओलसर काथ्याचा कोपरा कामास येतो. पापुद्रा नखानें ओढूं नये.

सर्वांत कठीण नियम मुलासाठीं राखून ठेवला आहे. पालीला हातांत घेऊं नये. तिला कुरवाळलेलें कळत नाहीं. तिच्या दृष्टीनें वरून येणारा हात म्हणजे मांजर, घुबड वा साप. प्रेम दाखवावयाचें असेल तर तें अंतर राखून दाखवावें. ही गोष्ट मोठ्या माणसांनाहि लवकर उमजत नाहीं.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरांत पुढें काय होतें तेंहि पाहण्याजोगें आहे. दुसऱ्या दिवशीं बरणी जाऊन पेटी येते. मुलगा कागद बदलतो, पाणी उडवितो, जिन्यांतल्या दिव्याखालीं पतंग पकडतो. पहिल्या रात्रीं पाल खात नाहीं. दुसऱ्या रात्रींहि नाहीं. तिसऱ्या रात्रीं मुलगा अंधारांत एक तास दबा धरून बसतो; पतंग पालीच्या नाकासमोरून जातो आणि पाल सालीमागेंच राहते. चौथ्या दिवशीं तो शाळेंतून येतांच विचारतो, "आजी, ती मरेल का ग?"

येथें ज्ञानाची खरी कसोटी आहे. पूर्ण वाढलेली, शेपटी भरलेली पाल कांहीं दिवस उपाशी राहूं शकते. शेपटी गेलेल्या पालीला ती चैन परवडत नाहीं. चारपांच दिवसांत पकडलेली पाल खावयास लागली नाहीं तर पेटी कितीहि चांगली असली तरी ती तिला मानवलेली नाहीं, असेंच समजावें. मग हट्ट धरणें हें पाळणें नव्हे, कोंडणें होय. जखम तर एव्हांना सुकलेली असते. बाकीचें काम, म्हणजे अन्न मिळविणें व शेपटी उगविणें, हें पाल मोकळेपणीं माणसाच्या मदतीवांचून अधिक चांगलें करते.

आई मुलाला हें समजावून सांगते. तो रागावतो. "मग मी तिच्यासाठीं कांहींच करायचें नाहीं का?" असें विचारतो. त्यावर आजी उत्तर देते : "पाहुणा जेवेना, तर त्याला त्याच्या घरीं जाऊं द्यावें बाबा. उंबरठ्यांत आडवें पडूं नये."

सोडण्याचेहि नियम आहेत. जेथून पाल पकडली तेथेंच ती सोडावी. पाली आपापल्या भिंती, फटी व वाटा जाणतात. अनोळखी जागीं सोडलेल्या पालीला दुसऱ्या पाली हुसकून लावतात. दूरच्या गांवीं तर नेऊंच नये. घरांतली ती चुकचुकणारी लहान पाल जहाजांतील मालाबरोबर पॅसिफिक बेटांपर्यंत जाऊन पोंचली आहे, आणि दिव्याखालचें भक्ष्य मटकावण्यांत चपळ असल्यानें तिनें कित्येक बेटांवर तेथील पालींना घरांच्या भिंतींवरून मागें हटविलें आहे. जी येथें निरुपद्रवी तीच दुसरीकडे आक्रमक ठरते. सोडण्याची वेळ दिवेलागणीची असावी. भर दिवसां सोडलेली पाल कावळ्याच्या तोंडीं जाते. आणि एक : पालीला हांकून काढूं नये. पेटीचें झांकण उघडून ती आडवी ठेवावी व दूर व्हावें.

त्या घरांत झांकण उघडतें संध्याकाळीं सात वाजतां. बराच वेळ कांहींच घडत नाहीं. मग सालीमागून एक डोकें बाहेर येतें, जीभ एकदां डोळ्यांवरून फिरते, आणि आंखूड झालेली ती पाल भिंतीवरून सरसर वर जाऊन घड्याळामागें दिसेनाशी होते. मुलगा कांहीं बोलत नाहीं. पेटी मात्र धुऊन, कोरडी करून माळ्यावर ठेवतो.

यापुढें जें उरतें तेंच खरें पाल पाळणें. त्यासाठीं कांचेची गरज नाहीं. एक दिवा संध्याकाळीं कांहीं वेळ लावावा. चित्रांच्या चौकटींमागील अंडीं झाडून काढूं नयेत. अन्न झांकून ठेवावें, म्हणजे पाल व दूध यांची गांठ पडणार नाहीं. झुरळांसाठीं फवारणी करावयाची असेल तर तिच्या भिंतीपासून दूर करावी. दार लावतांना चौकटींतल्या फटीकडे एकदां पाहावें; दारांत चेंगरून मरणाऱ्या पाली थोड्याथोडक्या नसतात. आणि एक वही करावी : पाल किती वाजतां बाहेर आली, काय खाल्लें, चुकचुकली तेव्हां दुसरी पाल कोठें होती. पाली चार-पांच वर्षें जगूं शकतात. एवढ्या काळांत शाळकरी मुलाची वही एखाद्या निसर्गशास्त्रज्ञाच्या टिपणांसारखी होऊन जाईल.

वरच्या घरांतील वहींत पहिले काहीं आठवडे विशेष नोंद नाहीं. घड्याळामागून दोन पाली येत. पण त्या दोन्ही लांब शेपटीच्या. मुलगा रोज पाहतो आणि रोज गप्प बसतो. मग एका संध्याकाळीं आजी दुधावर जाळी झांकीत असतां वर पाहते आणि हांक मारते, "अरे, लवकर ये. आली बघ तुझी."

भिंतीवर पतंगाचा पाठलाग करीत एक पाल थबकलेली असते. तिची शेपटी बोटाच्या पेऱ्याएवढी, गुळगुळीत आणि बाकीच्या अंगाहून किंचित निराळ्या रंगाची असते. आजी दुधावरची जाळी पुन्हां एकदां नीट बसविते. मुलगा वही उघडतो, तारीख घालतो आणि लिहितो : "शेपटी येत आहे. जेवली."